३४ इच्छांची यादी पुन्हा लिहिताना: वर्षभराच्या नोंदी

५ जानेवारी २०२५

जुन्या वह्या आवरताना १ जानेवारी २००० ला लिहिलेली यादी हाती लागली. मथळा आहे "आयुष्यात करायचंच". तेव्हा मी ३९ वर्षांची होते, आज ६४. एकूण ३४ ओळी. सहा झाल्या, अठ्ठावीस राहिल्या. पंचवीस वर्षांत सहा हा वेग धरला तर उरलेल्यांना शंभराहून जास्त वर्षं लागतील, म्हणून यादी नव्याने करायला घेतली आहे.

हातात काय आहे ते आधी लिहून ठेवते. उजव्या गुडघ्याची झीज सुरू झाली आहे, एक्स-रे आहे. रक्तदाबाची एक गोळी रोज. पेन्शन बेताची, वेळ भरपूर. नवरा बरोबर यायला तयार असतो, पण त्याला थंडी सोसत नाही.

असं काम काढणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून तारखेनुसार लिहिते आहे. काय चुकलं तेही लिहीन.

११ जानेवारी

पहिली चूक झाली. काल संध्याकाळी लाल पेन घेऊन बसले आणि दोन तासांत अठ्ठावीसच्या नऊ ओळी केल्या. ट्रेक, मॅरेथॉन, समुद्रातली स्कूबा बुडी, सूर्यग्रहण, पियानो, सगळ्यांवर काट. उरलेल्या नऊमधल्या चार तर मूळ यादीत नव्हत्याच, त्या मी कालच घुसवल्या: रोज चालणं, वजन कमी करणं, कपाटं आवरणं, कागदपत्रं नीट लावणं.

सकाळी वाचलं तेव्हा ती यादी इच्छांची वाटेना. कुणीतरी काळजीपोटी दिलेल्या सूचना वाटल्या. मग आठवलं, काल दुपारीच मी गुडघ्याचा एक्स-रे डॉक्टरांना दाखवून दवाखान्यातून परतले होते. छाटणी पेनाने झाली असली तरी करणारी ती भीती होती.

दुरुस्ती: सगळ्या अठ्ठावीस ओळी परत लिहिल्या. दवाखान्यातून आल्याच्या आठवड्यात यादीला हात लावायचा नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

२६ जानेवारी

या वेळी काट मारायची नाही, प्रत्येक इच्छा लहान करायची असं ठरवलं. एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या जागी नेपाळमधलंच पून हिल. ४२.१९५ किलोमीटरच्या मॅरेथॉनच्या जागी दहा किलोमीटर. स्कूबाच्या जागी काचेच्या तळाची बोट. खग्रास सूर्यग्रहणाच्या जागी त्याचं थेट प्रक्षेपण. दुर्बिणीतून शनीची कडी पाहायच्या जागी तारांगणाचा कार्यक्रम. पियानो शिकण्याच्या जागी पियानो ऐकणं.

तीन संध्याकाळी गेल्या. तक्ता सुबक झाला, दोन रकाने, नीट रेघा. नवऱ्याला दाखवला. त्याने शांतपणे वाचला आणि विचारलं, "यातलं कुठलंही उद्या पहाटे चारला करायचं असेल तर तू कशासाठी उठशील?"

उजव्या रकान्यातल्या एकाही गोष्टीसाठी मी उठले नसते. डाव्या रकान्यातल्या बऱ्याच गोष्टींसाठी आजही उठेन. म्हणजे लहान करताना मी काहीतरी महत्त्वाचं बाहेर टाकत होते, पण नेमकं काय ते कळेना. तक्ता बाजूला ठेवला आहे. फाडला नाही.

१६ फेब्रुवारी

टेबलाशी बसून अंदाज बांधणं थांबवलं आणि चाचणी घेतली. पून हिलची उंची ३,२१० मीटर, बेस कॅम्पची ५,३६४. आकडा लहान म्हणून ते सोपं, असं मी धरून चालले होते. मात्र पून हिलच्या वाटेवर तिखेढुंगा ते उल्लेरी या टप्प्यात तीन हजारांच्या वर दगडी पायऱ्या आहेत. माझ्या गुडघ्याला उंचीपेक्षा पायऱ्या जड, हे मी लक्षातच घेतलं नव्हतं.

चाचणी अशी घेतली: पाठीवर पाच किलोची पिशवी, एका उंच इमारतीचा जिना, चाळीस मजले चढ आणि तेवढाच उतार. साधारण आठशे पायऱ्या, म्हणजे त्या टप्प्याचा जेमतेम पाव भाग. पहिल्या दिवशी जमलं. दम लागला पण थांबावं लागलं नाही. मला फार आनंद झाला आणि तिथेच चुकले, कारण त्या आनंदात ट्रेकची चौकशी करून आगाऊ रक्कमही भरून टाकली.

दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा केलं. ट्रेकमध्ये रोजच चालायचं असतं, त्यामुळे खरी परीक्षा दुसऱ्या दिवसाची. पंचविसाव्या मजल्यानंतर उतरताना गुडघा आतून दुखायला लागला आणि रात्री सुजला. नऊ दिवस जिना बंद. आगाऊ रकमेपैकी निम्मी परत मिळाली, निम्मी गेली. पेन्शनच्या दहा दिवसांइतकी.

हे वाचून कुणी चाचणी घेणार असेल तर दोन लागोपाठच्या दिवसांची घ्या, आणि चढण्यापेक्षा उतरण्याकडे लक्ष ठेवा. फिजिओथेरपिस्टने सांगितलेली एक गोष्ट मनात राहिली आहे: गुडघ्याची झीज असेल तर वजन एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने हलका होतो. ११ जानेवारीला "वजन कमी करणं" ही ओळ मला रटाळ वाटली होती. ती यादीत नकोच आहे. पण यादीतल्या इतर ओळींसाठी लागणारं हत्यार म्हणून वहीच्या मागच्या पानावर लिहिली.

२ मार्च

गुडघा ठीक. या आठवड्यात एक वेगळं काम केलं. प्रत्येक इच्छेपुढे ती पहिल्यांदा कधी मनात आली तो प्रसंग लिहायचा. "का हवं" असा प्रश्न घातला की मी मोठी मोठी उत्तरं देते. प्रसंग लिहायला घेतला की खोटं लिहिता येत नाही.

बेस कॅम्पचा प्रसंग: रात्रीच्या प्रवासात गाडी थांबली होती, मी पांघरूण गुंडाळून बाहेर आले आणि समोर बर्फाच्या शिखराच्या फक्त टोकावर ऊन पडलं होतं, खाली सगळा अंधार. दोन मिनिटं, मग गाडी निघाली. तेव्हा वाटलं होतं, इथे थांबायला हवं होतं. त्या प्रसंगात चालणं कुठेच नाही. बेस कॅम्प मी नंतर जोडला, कारण बर्फाचे डोंगर म्हटल्यावर तेच एक नाव ठाऊक होतं. आणि मुळात बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचं शिखर नीट दिसतही नाही, हे मला या महिन्यात कळलं. पंचवीस वर्षं ते नाव यादीत होतं.

आता ओळ अशी झाली: "बर्फाच्या शिखरावर पहिलं ऊन पडताना दिसेल अशा ठिकाणी सलग सात सकाळी राहणं." हे २६ जानेवारीच्या पून हिलपेक्षा मला मोठं वाटतं, आणि गुडघ्याला चालतं. नेपाळमधल्या पोखराजवळचं सारंगकोट साधारण १,६०० मीटरवर आहे, वर गाडी जाते, समोर ६,९९३ मीटरचं माछापुच्छ्रे. स्वित्झर्लंडचं झरमॅटही जवळपास तेवढ्याच उंचीवर, समोर ४,४७८ मीटरचं मॅटरहॉर्न. तिथून गोर्नरग्राटला दातेरी रुळावर चढणारी रेल्वे अर्ध्या-पाऊण तासात ३,०८९ मीटरवर नेते, पण इतक्या झपाट्याने चढलं की डोकं दुखू शकतं. तेव्हा वर जाऊन यायचं, झोपायचं खाली. तीन हजार मीटरच्या वर रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त उंच मुक्काम हलवू नये हा नियम चालणाऱ्यांसाठी आहे. तो वाचल्यावर बेस कॅम्पच्या ट्रेकला इतके दिवस का लागतात आणि ते कमी का करता येत नाहीत, हेही समजलं.

पांघरुणाचा प्रसंग लिहून झाल्यावर मी बराच वेळ नुसती बसले होते.

२३ मार्च

दुर्बिणीची चूक लिहून टाकते, कारण आतापर्यंतची सगळ्यात महाग तीच आहे.

८ मार्चला उत्साहाच्या भरात १३० मिलिमीटर आरशाची परावर्ती दुर्बीण घेतली, तीही विषुववृत्तीय, म्हणजे आकाशाच्या फिरण्याबरोबर वळवता येणाऱ्या, स्टँडवरची. जवळजवळ एक महिन्याची पेन्शन. तीन चुका एकदम झाल्या.

एक, स्टँड आणि वजनं मिळून ओझं इतकं की गच्चीवर न्यायला तीन फेऱ्या लागतात, आणि त्या जिन्याच्या. दोन, डोळा लावायची नळी अशा कोनात येते की वाकून उभं राहावं लागतं. तीन, आणि ही मनाला लागली: या मार्चमध्ये शनी सूर्याच्या पाठीमागे आहे म्हणून दिसतच नाही. शिवाय नेमकं हेच वर्ष असं, की पृथ्वीवरून शनीची कडी कडेने दिसतात. साधारण दर पंधरा वर्षांनी असं होतं. आज, २३ मार्चला, पृथ्वी कड्यांच्या प्रतलातून, म्हणजे त्यांच्या सपाट पातळीतून, जाते आहे. कडी इतकी पातळ आहेत की कडेने पाहिली तर दिसेनाशी होतात. पुन्हा ती पूर्ण उघडलेली दिसतील २०३२ च्या सुमारास. तेव्हा मी ७१ वर्षांची असेन.

वस्तू आधी आणि चौकशी नंतर, असं माझं दुसऱ्यांदा झालं. ट्रेकचे पैसेही असेच गेले होते. म्हणून नियम: कुठल्याही ओळीसाठी पहिला खर्च करण्याआधी ती गोष्ट एकदा उसनी, भाड्याने किंवा दुसऱ्याकडे जाऊन करून पाहायची.

१३ एप्रिल

प्रसंग लिहिण्याचं काम संपलं. अठ्ठावीसपैकी अकरा ओळींना प्रसंगच सापडला नाही. खूप आठवलं, काही येईना. त्या पुसल्या. वाईट वाटेल असं वाटलं होतं, तसं झालं नाही.

मॅरेथॉन त्यातच गेली. ती मी ज्या वर्षी लिहिली त्या वर्षी कार्यालयातली एक सहकारी धावायला लागली होती, एवढाच संबंध. फौजा सिंग यांनी ८९ व्या वर्षी लंडनची मॅरेथॉन पूर्ण केली होती. युइचिरो मिउरा ८० व्या वर्षी, २०१३ साली, एव्हरेस्टवर पोचले. या दोघांची नावं मी जानेवारीत स्वतःला बजावण्यासाठी वहीत लिहिली होती. त्यांच्याबद्दलचा आदर तसाच आहे, पण त्यांना त्या गोष्टी मनापासून हव्या होत्या. मला धावणं आवडत नाही. चौसष्टाव्या वर्षी हे वाक्य लिहिलं आणि फार मोकळं वाटलं.

आणखी तीन ओळी वडिलांच्या निघाल्या. त्यांना जायचं होतं त्या जागा, त्यांना शिकायची होती ती भाषा. त्या पुसल्या नाहीत, वेगळ्या पानावर "बाबांच्या" म्हणून लिहिल्या. त्यातली एक मी त्यांच्यासाठी करीन, कुठली ते अजून ठरलं नाही.

शिल्लक चौदा.

४ मे

स्कूबा. या वेळी नियम पाळला, पैसे भरायच्या आधी फॉर्म मागून घेतला. वय ४५ च्या वर आणि रक्तदाबाचा त्रास असेल तर पाण्यात उतरण्याआधी डॉक्टरांची तपासणी आणि सही लागते. डॉक्टर म्हणाले, बघू, लगेच नाही म्हणत नाही. मग एका तरणतलावात प्रशिक्षकासोबत तीन मीटर खोलीपर्यंत चाचणी. अडलं ते हृदयापाशी नाही, कानापाशी. डावा कान दाब सोडेना. चार वेळा प्रयत्न केला, प्रत्येक वेळी दोन मीटरच्या खाली कळ आली. दोन दिवस कान बंद होता.

प्रसंग पुन्हा वाचला: लहानपणी एका मासिकातलं प्रवाळाचं रंगीत पान. खोल जाणं त्यात नाही, रंग आहेत. आणि पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी शोषला जातो, दहा मीटरच्या आसपास तो जवळजवळ नाहीसाच होतो. म्हणजे मला हवे असलेले रंग वरच्या दोन-तीन मीटरांतच सगळ्यात चांगले दिसणार. तांबड्या समुद्रात काही ठिकाणी प्रवाळ किनाऱ्यालाच लागून आहे. मुखवटा आणि नळी लावून पोटावर तरंगत पाहता येतं.

काचेच्या तळाची बोट पुसली. तरंगायचं.

२५ मे

सगळ्यात उपयोगी सुधारणा याच आठवड्यात झाली, म्हणून सविस्तर लिहिते.

आतापर्यंत प्रत्येक ओळीपुढे "कधी" असा रकाना होता आणि त्यात मी सोयीप्रमाणे वर्षं घालत होते. तो खोडून "कधीपर्यंत" असा केला. म्हणजे माझं शरीर, पैसा आणि ती गोष्ट स्वतः, या तिघांत सगळ्यात आधी दार कुणाचं बंद होईल आणि अंदाजे कोणत्या वर्षी. यादीचा क्रम पूर्ण उलटला. पियानो मी सर्वांत वर ठेवला होता कारण तो घरबसल्या होतो. त्याचं दार सगळ्यात उशिरा बंद होणार, तो खाली गेला. तरंगणं, शिखर आणि ग्रहण वर आले.

ग्रहणावर चार संध्याकाळी घालवल्या. या आधीची दोन ग्रहणं मी "पुढच्या वेळी" म्हणत सोडली होती. आता तीन संधी समोर आहेत. १२ ऑगस्ट २०२६ ला उत्तर स्पेनमध्ये, बुर्गोसच्या बाजूला, खग्रास अवस्था पावणेदोन मिनिटांच्या आसपास. सूर्य मावळतीला टेकलेला, क्षितिजापासून जेमतेम दहा अंशांवर, त्यामुळे पश्चिम बाजू मोकळी असलेली जागा शोधावी लागेल. २ ऑगस्ट २०२७ ला इजिप्तमधल्या लक्सरजवळ सहा मिनिटांहून जास्त, आणि एवढं लांब ग्रहण जमिनीवरून पुन्हा २११४ पर्यंत नाही. २२ जुलै २०२८ ला सिडनीत पावणेचार मिनिटांच्या आसपास, तिकडच्या हिवाळ्यात.

मन अर्थातच लक्सरकडे धावलं. पण ऑगस्टमध्ये तिथे दुपारी ४० अंशांच्या वर तापमान असतं, ग्रहण ऐन दुपारचं, सूर्य जवळजवळ डोक्यावर. माझ्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे, उन्हात शरीरातलं पाणी झपाट्याने कमी होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, तिथे तीन-चार तास उघड्यावर उभं राहायचा विचार करू नका.

प्रसंग काढून पाहिला. शाळेत असताना खंडग्रास ग्रहणाच्या दिवशी आम्हाला खिडक्या लावून आत बसवलं होतं. बाहेर काय चाललंय ते पाहायला मिळालं नाही, ती चुटपुट आहे. तिला सहा मिनिटं लागत नाहीत. पावणेदोन पुरतील.

ठरलं: २०२६ स्पेन. ढगांनी घालवलं तर २०२८ सिडनी. २०२७ सोडलं. हे सोडताना दुखलं, ते इथे लपवत नाही.

२२ जून

पियानोचं थोडक्यात. एका शाळेत आठवड्यातून दोन दिवस, वाद्य त्यांचंच. पाच आठवडे झाले. सुरुवातीला मी सगळं शिकायचं म्हणून तीन रचना एकदम धरल्या आणि एकही पूर्ण झाली नाही. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सुटं हलत नाही. शिक्षिका माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान, पण तिने एक चांगली गोष्ट सांगितली. पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन ८० व्या वर्षी अजूनही उत्तम कसे वाजवतात असं विचारल्यावर ते म्हणाले होते की ते कमी रचना वाजवतात, त्यांचा सराव जास्त करतात, आणि जलद भागाच्या आधीचा भाग मुद्दाम सावकाश घेतात, म्हणजे पुढचा वेग जास्त वाटतो. वृद्धत्वाचा अभ्यास करणाऱ्या पॉल आणि मार्ग्रेट बाल्टेस या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने हे उदाहरण प्रसिद्ध केलं.

एकच रचना ठेवली. दोन पानांची.

१३ जुलै

ताईचा फोन होता. ती ७३ वर्षांची आहे. बोलता बोलता म्हणाली, "दाराची चौकट वाकडी दिसते गं हल्ली." डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली होती. मॅक्युलर डीजनरेशन, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजत जाणं. डाव्या डोळ्याचं बरंच गेलं आहे, उजव्याला सुरुवात आहे. घरी पाहायला चौकटी-चौकटींचा एक कागद दिलाय. त्यातल्या सरळ रेघा वाकड्या दिसायला लागल्या की लगेच यायचं.

फोन ठेवल्यावर यादी काढली. शनीच्या कड्यांचा प्रसंग तिचाच आहे. मी नऊ वर्षांची, ती अठराची. गच्चीवर चटई टाकून ती मला ग्रह दाखवायची. तो पिवळसर, न लुकलुकणारा, तो शनी. त्याला कडं आहे, आपण एकदा दुर्बीण आणून बघू. हे "आपण" माझ्या यादीत कुठेच उतरलं नाही. मी फक्त "शनीची कडी पाहणं" लिहिलं.

मग पूर्ण यादी या नजरेने वाचली. चौतीस ओळींत एकाही माणसाचं नाव नव्हतं. "कधीपर्यंत" रकान्यात मी माझा गुडघा, माझा रक्तदाब, माझी पेन्शन धरली होती, दुसऱ्या कुणाचं काहीच नाही. शनीपुढे मी २०३२ लिहिलं होतं, कडी उघडतील म्हणून.

२०३२ खोडलं. सप्टेंबर २०२५ लिहिलं.

१७ ऑगस्ट

जड दुर्बीण विकली. घेतली त्याच्या साठ टक्के मिळाले. तेवढ्याच आरशाची पण टेबलावर ठेवायची, फिरत्या बैठकीची साधी दुर्बीण आधी एका हौशी आकाशनिरीक्षकाकडे दोन रात्री वापरून पाहिली, मग घेतली. एका हाताने उचलता येते. स्टुलावर ठेवून समोर खुर्चीत बसलं की नळी डोळ्याच्या उंचीवर येते. वाकायला नको. शनीची कडी ओळखू यायला पंचवीस-तीस पट मोठं दिसणं पुरतं, मी साठ पटीचं भिंग घेतलं.

स्वतः पाहून घेतला. कडी उघडलेली नाहीत. गोल, आणि त्यातून आरपार गेलेली बारीक रेघ. चित्रातल्या शनीसारखा मुळीच नाही. ताईला हे आधीच सांगायचं ठरवलं.

२५ सप्टेंबर

२१ तारखेला शनी सूर्याच्या बरोबर समोर होता, म्हणजे रात्रभर दिसणारा आणि वर्षातला सगळ्यात जवळचा. अमावास्याही त्याच दिवशी. ताई २० लाच आली. २१ आणि २२ ला ढग. २३ ला ती थकली होती. काल रात्री आकाश स्वच्छ मिळालं.

दोन गोष्टी चुकल्या. खुर्ची तिच्या उंचीला कमी पडली, दोन उशा घालाव्या लागल्या. आणि मी सवयीने तिला डावा डोळा लावायला सांगितला, कारण नळी त्या बाजूला होती. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मधे नुसता डाग आहे." माझ्या पोटात गोळा आला. दुर्बीण फिरवली, उजवा डोळा लावला. शनी सारखा सरकत बाहेर जातो, मी दर अर्ध्या मिनिटाला आणून देत होते.

मग ती एकदम स्तब्ध झाली. "मण्यात सुई ओवल्यासारखं," म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "आणि सुई सरळ आहे." तिला कागदावरच्या रेघा आठवत होत्या. मला ते उशिरा कळलं.

बाजूचा ठिपका टायटन, त्याचा सगळ्यात मोठा उपग्रह, हे सांगितलं. हा उजेड तिथून निघून तासाभराहून जास्त वेळ झालाय, हेही. तिने चाळीस मिनिटं पाहिलं. मध्येच तिच्या खांद्यावरची शाल घसरली ती मी सारखी केली, एरवी मी हलले नाही.

२०३२ पर्यंत थांबले असते तर हे झालं नसतं, हे कालपासून मनातून जात नाही.

१९ ऑक्टोबर

तेव्हापासून यादीत नावं घालते आहे. शिखराच्या सात सकाळींपुढे नवऱ्याचं नाव घातलं, थंडीचं काय करायचं ते त्यालाच विचारलं. तो म्हणाला, खोलीतून शिखर दिसणारी खिडकी असेल तर तो येतो. म्हणजे आता जागा निवडताना खिडकी ही पहिली अट. तरंगण्यापुढे मुलीचं नाव. तिला विचारल्यावर ती म्हणाली, "आई, मला वाटलं तुला एकटीलाच जायचंय." पंचवीस वर्षं यादी घरात होती, कुणाला दाखवली नव्हती.

ग्रहणासाठी स्पेनमधल्या मुक्कामाचं आरक्षण झालं, रद्द केल्यास पैसे परत मिळणारं. या वेळी अटी नीट वाचल्या. पश्चिमेला डोंगर किंवा इमारत नाही हे नकाशावर पाहून ठेवलं. प्रवास-विम्यात वयाची अट असते ती शोधायला दोन दिवस गेले. ज्यांना करायचं आहे त्यांनी तिकिटाआधी विमा पाहावा. ग्रहण पाहायचे चष्मे घेतानाही त्यांच्यावरचा प्रमाणक्रमांक तपासा, आयएसओ १२३१२-२.

पियानोचं एक पान झालं. दुसऱ्या पानावर सातवी ओळ अजून अडते.

२३ नोव्हेंबर

यादी आज अकरा ओळींची आहे. चौदापैकी तीन ओळींना मी बरोबर न्यायला माणूस शोधत होते आणि शोधताना कळलं की त्या मला एकटीलाही नको आहेत. खर्चाचा हिशेब: चुकांत गेलेले पैसे साधारण पेन्शनच्या बावीस-तेवीस दिवसांइतके, त्यात दुर्बिणीचा तोटा सगळ्यात मोठा. चुकांत गेलेला वेळ अंदाजे सात आठवडे, गुडघ्याचे नऊ दिवस धरून.

आज रात्री पुन्हा दुर्बीण लावली. कडी परत जवळजवळ मिटली आहेत, सप्टेंबरपेक्षाही पातळ. यानंतर पुन्हा उघडत जातील. ताईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, माझ्याही तीन ओळी लिही. दोन घरातल्या आहेत, त्या इथे लिहीत नाही. तिसरी: "पुढच्या ऑक्टोबरात सुई किती उघडली ते बघायचं." मी विचारलं, कधीपर्यंतच्या रकान्यात काय लिहू. म्हणाली, ते तू नको भरूस, मी दर सोमवारी कागद बघून सांगीन.

रकाना रिकामा ठेवला आहे. खुर्चीच्या जागी उंची बदलता येणारं स्टूल सांगून ठेवलं.